राणीछाप रुपयाची गार बाजू

काल इथे परदेशात, झूटरमेरला लेक सायकलवरून पडली. कपाळावर टेंगूळ आलं, तसा मी देवघरातला राणीछाप रुपया काढून त्यावर दाबून धरला. बोटांना चांदीचा गारवा लागला आणि मी एकदम साताऱ्याच्या अंगणात जाऊन पोचले. तिथे मी रडतेय, आणि एरवी फारसं जवळ न घेणारे माझे वडील, दादा, हाच रुपया माझ्या कपाळाला लावून बसलेत.

"दादा, याचं दुकानात काय येतं?"

"काही नाही. आता चालत नाही हा."

"मग ठेवलाय कशाला?"

"याच्यासाठीच," म्हणत त्यांनी तापलेलं नाणं उलटून गार बाजू लावली.

"आई, हाउ मच इज इट वर्थ?" लेकीनं विचारलं.

चांदी आता केवढी महाग झालीये! मी नुसतंच नाणं उलटलं. अडीअडचणीतही दादांनी ते मोडलं नाही, म्हणून तिच्या कपाळाला आज गार बाजू मिळाली.