सगळे तापानं वारले

आज सकाळी चष्मा शोधताना मी चहा पेपरावर सांडला, आणि ओल्या शाईच्या वासासरशी अठ्ठेचाळीस सालची पुसेगावची ओसरी आठवली. संस्थानात बंदी असलेला, वऱ्हाडातून लपवून आणलेला इंग्रजी पेपर मी बाहेरचं दार लावून वाचून दाखवत होतो. बातमी संस्थानाच्या सरहद्दीवर रझाकारांशी लढणाऱ्या पोरांची. किल्ड, मर्डर्ड, बुचर्ड. मारण्याला इंग्रजीत शब्दच शब्द. समोर सखूकाकू बसलेली, तिचा पोरगा तिकडंच गेलेला. म्हणून मी प्रत्येक शब्दाला ‘वारले’ म्हणत सुटलो.

काकूनं माझ्याकडं रोखून पाहिलं. “मास्तर, तरणी पोरं एकदमच कशानं वारून राहिली?”

“तापानं,” मी म्हणालो.

संध्याकाळी बायको म्हणाली, “काकू काढा बांधून निघाली सरहद्दीला, पोराला ताप आला आसंल म्हणून. आता तुमीच अडवा तिला. कोणत्या शब्दात अडवता, ते मला बी ऐकू द्या.”