फाटक उघडं ठेवणाऱ्यासाठी

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. आता पंच्याहत्तरी उलटली, गुडघे टेकवत नाहीत. निदान खरं तरी लिहून ठेवावं.

चर्चमध्ये ‘माझा अपराध, माझा अपराध, माझा मोठा अपराध’ म्हणताना आपण सगळे छातीवर मूठ मारतो. मावशी मात्र तळहाताने थोपटायच्या, तान्ह्या लेकराला निजवावं तशा. मी एकदा टोकलं, तर म्हणाल्या, “मास्तर, ढोल हाय का त्यो? थोपटलं तरी देवाला बराबर ऐकू जातं.”

बदनापूरजवळच्या आमच्या साधनागृहात त्या स्वयंपाक करायच्या. मी प्रचारक, म्हणून सगळ्यांचा मास्तर; पुस्तिकेतून प्रार्थना सांगायचो. मावशींना अक्षरओळख नव्हती, पण एकूण एक प्रार्थना तोंडपाठ. माहेर मेंढपाळाचं, म्हणून मागच्या आवारात चार शेळ्या. “माणसांपरीस बऱ्या. हाक मारली की येत्यात,” असं माझ्याकडे बघून म्हणायच्या.

एका वर्षी तीन दिवसांची मौनसाधना होती. पहिल्या सकाळी मी मागच्या आवारातून आत आलो आणि फाटकाची कडी लावायची विसरलो. चाळीस माणसं डोळे मिटून मननाला बसली. शेळ्यांनीही मौन पाळलं. डोळे उघडले, तेव्हा वेदीवरचा झेंडू संपला होता आणि एकीच्या तोंडात जपमाळेच्या प्रार्थनेचं पान होतं. बाकीच्या पुस्तिकांचा चोथा झालेला.

“फाटक कुणी उघडं टाकलं?” फादर मौन मोडून ओरडले.

मी मान खाली घातली. मौन आहे, बोलायचं नाही, असं स्वतःला बजावलं. इतकं कडक मौन मी आयुष्यात पाळलं नव्हतं.

मावशी धावत आल्या. “शेळ्या माझ्या फादर, मंग चूक बी माझीच,” म्हणाल्या आणि छातीवर तीनदा थोपटलं.

पुस्तिका नव्हत्या आणि मला त्यांच्याशिवाय येत नव्हतं, म्हणून ते तीन दिवस सगळ्या प्रार्थना मावशींनीच सांगितल्या. तशी साधना आमच्याकडे पुन्हा झाली नाही. पण शेळ्या आवारात नकोत, असं ठरलं. त्यांना शहागडला मावशींच्या बहिणीकडे नेणारा टेम्पो निघाला, तेव्हा मावशी चुलीपुढून उठल्याच नाहीत.

त्यानंतर रोजच्या जपमाळेचा शेवटचा मणी ठरून गेला. “फाटक उघडं ठेवणाऱ्यासाठी,” त्या म्हणायच्या. “जिवाला घोर लागला आसंल बिचाऱ्याच्या.” आणि मी सगळ्यांहून मोठ्याने उत्तर द्यायचो, “आम्हां पापी लोकांसाठी विनंती कर!”

पुढे पापनिवेदनात मी हे कबूल केलं. नवे फादर म्हणाले, “आता त्यांना सांगा.” गेलो. मावशी मेथी निवडत होत्या.

“मावशी, ते फाटक...”

“नवी कडी बसविली न्हवं? पक्की हाय बिलकुल. बसा, च्या टाकते.”

मी चहा पिऊन परत आलो.

गेल्या उपवासकाळात मावशी गेल्या. शेवटचा मणी मात्र चालू आहे. कुणासाठी म्हणतो हे ठाऊक नसलेली माणसंही तो मनापासून म्हणतात. गेल्या महिन्यात फादरांना विचारून मी शहागडहून दोन करडं आणली, त्याच शेळ्यांच्या वंशातली. माझ्या हाकेला अजून येत नाहीत. येतील.

या साधनेत हा कागद सगळ्यांपुढे वाचणार आहे. त्यातलं जे मेथीच्या ढिगापुढे बसून म्हणायचं राहिलं, ते एवढंच: मावशी, कडी मी लावली नव्हती. मला माफ करा.