मास्तरांचा कोट सिनेमात गेला त्याची गोष्ट

नटाच्या तोंडाकडे न पाहता अख्खा सिनेमा पाहणारी बाई उभ्या वऱ्हाडात एकच झाली, आमची खाला. बार्शीटाकळीला तिच्या आणि आमच्या घरात भिंत एकच होती. खाला म्हणजे मावशी; नात्याची कोणी नाही, पण माझ्या लग्नात आईपेक्षा जास्त तीच रडली, आणि वरणात मीठ कमी आहे हे रडता रडताच आचाऱ्याला सुनावून आली. तिचा नवरा शिंपी. सारं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, खालाही मास्तरच म्हणायची. एका दुष्काळी वर्षी गावात कोणी नवं कापड शिवेना, तेव्हा हात रिकामे नकोत म्हणून मास्तरांनी उरल्यासुरल्या तुकड्यांतून स्वतःसाठी कोट शिवला. एक बाही करडी, एक काळपट, पाठीवर मधोमध जोड. तो त्यांनी जन्मभर घातला, अगदी मे महिन्यातल्या उन्हातसुद्धा. लोक हसायचे. खाला म्हणायची, हसू द्या, त्याइच्यापाशी कोट हाय कुठं?

मास्तर गेले, कोट खुंटीवर राहिला आणि खाला त्याच्याशी भांडू लागली. नळ आला नाही, तूरडाळ महागली, सून उलट बोलली, सगळं ती कोटाला ऐकवायची. धुवायची मात्र नाही. त्यात मास्तरांचा वास होता, थोडा इस्त्रीचा, थोडा विडीचा.

मग गावाजवळ सिनेमावाले आले. जुन्या काळातल्या दुष्काळाची गोष्ट होती. घरातली चूल थंड आणि कर्ता पुरुष परक्या बाईपायी वेडा. त्यांना जुने कपडे हवे होते. कोट पाहून त्यांची कपडेवाली पोरगी हरखूनच गेली. खालानं एका अटीवर दिला, धुवायचा नाही. काम संपल्यावर कोट परत आला तो स्वच्छ धुऊन, कडक इस्त्री करून. बिचारीनं चांगुलपणानंच केलं असेल. खालानं तो नाकाशी धरला, घडी घातली आणि पेटीत ठेवून दिला. त्यानंतर ती कोटाशी कधी भांडली नाही. मला ते फार लागलं.

वर्षभरानं सिनेमा अमरावतीत लागला, एका आठवड्यापुरता. खाला पिशवी घेऊन माझ्या अमरावतीच्या घरी हजर! रोज दुपारचा खेळ, आणि रोज मी सोबत. नट पाठमोरा झाला की माझ्या मांडीवर चापट बसायची: जोड पाह्य, जोड. त्यानं बटणं उघडी ठेवली म्हणून ती त्याच्यावर चिडली. आणि तोच कोट घालून त्यानं परक्या बाईला मिठी मारली, तेव्हा भर थेटरात ती म्हणाली, "कोट तं काढ बाप्पा आधी, मास्तरांची इज्जत हाय ते." सारं थेटर हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी तो माणूस घर सोडतो आणि पांदणीच्या वाटेनं, मागे न पाहता चालत दिसेनासा होतो. लोक तेव्हाच उठू लागत. खाला मात्र पांदण रिकामी होईपर्यंत मला हलू द्यायची नाही. सातव्या दिवशी मी कंटाळून म्हटलं, खाला, उद्या हा मोबाईलवर येईल, घरी बसून पाहू. दिवे लागले, माणसं पांगली, तेव्हा ती म्हणाली, "मास्तर गेले त्या दिवशी मी रोट्या टाकून राहिली होती. येतो म्हणाले. म्या मान वर केली नाही. दुकानातच छातीत कळ आली. मंग त्याइले नेलं, तं आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. जातानाची पाठ पाहायचीच राहून गेली होती, पोरी."

तिनं ओढणी सारखी केली, चपला शोधल्या.

"सात दिवस पोचवलं त्याइले," ती म्हणाली. "आता चाल."

दुसऱ्या दिवशी तिला बार्शीटाकळीला परत जायला अकोल्याच्या गाडीत बसवून दिलं. एरवी मी लगेच घरी पळते, मला घाई असते. त्या दिवशी गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले.