टिपणीसांची देवगिरी

विद्याधर टिपणीस विमा कंपनीत नोकरीला होते, पण मुलुंडमध्ये लोक त्यांना ओळखायचे ते देवगिरीमुळे. दर हिवाळ्यात ते बसभर माणसं घेऊन किल्ल्यावर जायचे. चढताना त्यांचं बोलणं एकदा सुरू झालं की धापा टाकणारेही दम विसरून ऐकायचे.

निवृत्तीनंतर एका सकाळी दाढी करता करता त्यांचा हात लुळा पडला. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. हात हळूहळू सुधारला, बोलणं मात्र गेलं. सगळं समजायचं, शब्द डोक्यात असायचा, पण तोंडातून भलताच यायचा. चहा हवा असला की ते ‘खिडकी’ म्हणायचे. भेटायला आलेली माणसं त्यांच्याकडे बघून हसायची आणि बोलायची मात्र त्यांच्या बायकोशी, नीलाताईंशी. हे त्यांना आजारापेक्षा जास्त लागायचं.

त्यांना पुन्हा बोलतं करायला उत्तरा नावाची तरुण स्पीच थेरपिस्ट घरी यायची. ती फळांची, भांड्यांची चित्रं दाखवायची. एक दिवस टिपणीसांनी केळ्याचं चित्र पालथं घातलं आणि कपाटाकडे बोट केलं. नीलाताईंनी देवगिरीचे फोटो काढून दिले.

“खं…” त्यांच्या कपाळावर घाम आला. “खंदक.”

आजारानंतरचा तो पहिला धड शब्द. उत्तरानं केळ्याचं चित्र पिशवीत टाकलं. “काका, यापुढे किल्ल्यावरच शिकू या.”

मग खंदकावरून ते पुलावर आले, पुलावरून अंधारीत, म्हणजे गडाच्या पोटातल्या त्या काळोख्या वाटेत. कधी आठवडाभर एकाच शब्दाशी झुंजायचे. चिडायचे, फोटो ढकलून द्यायचे आणि दुसऱ्या सकाळी स्वतःच पुन्हा घेऊन बसायचे.

पुढच्या वर्षी मुलुंडच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचे दिवस आले. आजारापूर्वी टिपणीस तिथे देवगिरीवर बोलले होते. चिटणीस राजाराम घरी आले. टिपणीसांचा सत्कार करायचा आणि त्यांच्या त्या जुन्या व्याख्यानाचं चित्रण पडद्यावर दाखवायचं, असं ठरलं होतं.

“नाही,” टिपणीस म्हणाले. “मी. बोलणार.”

राजाराम नीलाताईंकडे वळले. “वहिनी, चारचौघांत अडखळले तर बरं दिसेल का?”

“मला काय विचारता? ते समोर बसलेत.”

“बोलणार,” टिपणीस पुन्हा म्हणाले. विषय तिथेच मिटला.

व्याख्यानाला सभागृह भरलं. “मला शब्द… उशिरा सापडतात,” त्यांनी सुरुवात केली. “थांबावं लागेल.” मग यादवांची राजधानी आली. शिडी लागू नये म्हणून सरळसोट तासलेला डोंगर आला. अल्लाउद्दीनाचा वेढा आला, आणि धान्य समजून गडावर नेलेल्या गोण्यांत मीठ निघालं म्हणतात, तेही. लोक पुढे सरकून ऐकू लागले.

तुघलकानं दिल्लीची राजधानी इथे आणली आणि गावाचं नाव बदललं, इथे ते अडले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पुढच्या रांगेतून कुणीतरी नाव पुरवलं. टिपणीसांनी हात वर करून त्याला थांबवलं. मागे खुर्च्या सरकल्या, काही लोक उठून गेले. जाणारे टिपणीसांना दिसत होते. नीलाताई पदर मुठीत धरून बसल्या होत्या.

“दौलताबाद,” ते म्हणाले आणि पुढे निघाले. निजामशाही, मोगल, निजाम, सगळं सांगूनच थांबले. ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला.

नंतर एक बाई त्यांच्यापाशी आल्या. त्यांचे यजमान चंद्रप्रकाश असेच आजारी होते आणि आता बोलायचा प्रयत्नच सोडून बसले होते. “पण त्यांना किल्ल्यांचं काही नाही हो,” त्या संकोचून म्हणाल्या. “त्यांचं सगळं क्रिकेट.”

“चालेल,” टिपणीस म्हणाले. “उद्या… घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाश आले तेव्हा टिपणीसांनी नीलाताईंकडून जुन्या सामन्यांचे फोटो मागवून ठेवले होते.