खोट घोडीत नव्हती

मोंघीबेनला सरळ 'नको' म्हणणं जन्मात जमलं नव्हतं. सावरकुंडल्याच्या बाजूला तशी रीतही नाही. तोंडावर नको म्हणणं म्हणजे समोरच्याच्या अंगणात थुंकणं. माणसं आडून सांगतात. पोट भरलंय, तब्येत नरम आहे, दिवाळी झाली की बघू.

त्या आडून बोलण्याचे वळ तिच्या पाठीवर होते. तिचा नवरा सवजी जिता होता तेव्हा एखादा पाहुणा ताटावरून उठताना गोडीत म्हणायचा, "बस भाभी, पोट टम्म झालं." पाहुण्यानं वेस ओलांडली की सवजी चुलीतलं लाकूड उपसायचा. "रोटला कच्चा ठिवलास म्हनून उठला न्हवं त्यो?" एकदा त्यानं तिचं मनगट मोडलं, ते वाकडंच सांधलं. पाहुणे बिचारे भले. त्यांना कधी कळलंच नाही.

सवजी गेला. मोंघीबेननं सरकी काढायच्या जिनात कापसाचे जड गठ्ठे, गासड्या, ओढून पोरगा वाढवला. आता त्या हरसुखचं लग्न निघालं आणि त्याला वरातीला खाटेवर नाचणारी घोडी हवी होती. जिनातल्या सगळ्या पोरांना सांगून बसला होता. म्हणून मायलेक भीखुभाईच्या वाड्यावर आले. वरातीला घोडी पुरवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता.

"पी बेन," भीखुभाईनं बशीत चहा ओतला. "न्हाई प्यालीस तर माज्या गळ्याची शपथ." करारपत्र लिहून तयार होतं, फक्त तिचा अंगठा राहिला होता. "आधी माल बघ. ए, वाजीव रं!"

ढोल घुमला. ढेल नावाची ती काळीभोर घोडी खाटेवर चढली आणि चारी पायांनी ताल धरला. हरसुखनं आ वासला. मोंघीबेन मात्र घोडीचं तोंड बघत होती. काटेरी लगामानं ओठ फाटले होते, फेस लालसर होता. आणि ढोल थांबला तरी घोडी थांबली नाही. भीखुभाईच्या हातातल्या चामडी कोरड्याकडे डोळा लावून नाचतच राहिली.

मोंघीबेननं बशी खाली ठेवली.

"घोडी झ्याक हाय, भाई. पर आज जरा दमल्यागत दिसती. बघू पुढं..."

"दमली? ही?" भीखुभाई हसला आणि वळून त्यानं कोरडा ओढला. घोडीच्या पुठ्ठ्यावर चीर उमटली. "नाच! गिऱ्हाइकासमोर नखरं करती!"

"न्हाई, न्हाई!" मोंघीबेन घाईनं म्हणाली. "तिचं काय न्हाई. आमचा पोरगाच बुटका. येवढ्या उंच घोडीवर..."

"मग बसवतो की तिला! बस! बस म्हनतो न्हवं!" कोरडा गुडघ्यांवर, मग तोंडावर. घोडी खाटेवर कोसळली, खाटेची एक दांडी कडकन मोडली.

मोंघीबेनचा एकेक गोड शब्द घोडीच्या अंगावर पडत होता. आज पाहुणी ती होती.

ती उठली. "भीखुभाई, घोडीत खोट न्हाई. मला तू नगंस. तुजा हात माज्या दारात नगं."

ढोलवाल्याची टिपरी हवेतच राहिली.

"मला नगं म्हनती? जिनातली मजुरीन?" कोरडा सणाणत आला. तिनं वाकडं मनगट आडवं धरलं. चामडं त्याला वेढे घालून बसलं, कातडं सोलून निघालं. तिनं सोडलं नाही. गासडी ओढावी तशी ओढ दिली, तसा भीखुभाई तोंडावर आपटला.

हरसुख त्याच्या छातीवर बसला. खाटेची मोडकी दांडी उचलली आणि हाणत सुटला. नाक फुटलं, दात मातीत पडला. दांडी पुन्हा वर गेली तेव्हा मोंघीबेनला पोराचं तोंड दिसलं. सवजीच तो. तसेच दात, तसाच आलेला ऊत.

"सोड त्येला."

"माडी, ह्येनं तुला मारलं!"

"सोड. न्हाईतर उद्या तुज्या नवरीच्या बापाला सांगती, माज्या घरात लेक दिऊ नगं म्हनून."

दांडी खाली आली, पण मातीत. हरसुख धापा टाकत बघत राहिला. आईनं त्याला कधी असं तोडून सांगितलं नव्हतं.

ढेल तिथंच राहिली. भीखुभाई उठेल, नवा कोरडा वळेल, हे मोंघीबेनला कळत होतं. जुना तिनं घरी आणून चुलीत घातला. चामडं घाण वास देत जळलं.

"मग वरात?" हरसुखनं विचारलं.

"पायी."

त्याच चुलीवर तिनं रोटला भाजला. हरसुखनं दोन घास खाल्ले आणि ताट सारलं.

"नगं, माडी," एवढंच तो म्हणाला.

तिनं ताट उचललं. का म्हणून विचारलं नाही.