सरांनी बोटांनी पाहिलेली हार्ड डिस्क

नवी पेठेतल्या एका बोळात, साड्यांच्या दुकानाच्या वर मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. गेल्या उन्हाळ्यात एक रिक्षावाले एका गृहस्थांना हाताला धरून जिना चढवत घेऊन आले. ते अंधशाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, स्वतःही जन्मापासून अंध, मूळचे मैंदर्गीचे. पिशवीत जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली हार्ड डिस्क होती. मुलांना ब्रेलमध्ये छापून द्यायला म्हणून वर्षानुवर्षं टाइप केलेली पुस्तकं तिच्यात होती.

"नवा कॉम्प्युटर घेतला, पण ही त्याला बसंना. बिघडली म्हणायची का?"

"तसं नाही सर. हिची जोडणी जुनी आहे, आयडीई. आता साटा असते."

"फरक काय दोघीत?"

हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतं आणि मी दोन डिस्क समोर धरून दाखवते. त्या दिवशीही धरल्या, मग ओशाळून त्यांच्या हातात दिल्या.

त्यांनी साटाच्या खाचेवरून नख फिरवलं. "पातळ पट्टी, टोकाला वळलेली." मग दुसरीच्या पिनांवरून बोट नेलं. "हितं दोन ओळी. आणि मधली एक पिन तुटलीय की."

मी वाकून पाहिलं. "तुटलेली नाही सर. ती मुद्दाम ठेवत नाहीत. केबलचं तेवढंच भोक बुजवलेलं असतं, म्हणजे ती उलटी बसत नाही."

हे मी शिकताना पुस्तकात वाचलं होतं. इतक्या वर्षांत माझ्या बोटांना ते एकदाही जाणवलं नव्हतं.

अ‍ॅडॅप्टर लावून त्यांची डिस्क यूएसबीला जोडली. घरघर सुरू झाली तसं ते म्हणाले, "फिरली." सगळ्या फायली दिसत होत्या. कॉपी व्हायला वेळ होता, म्हणून त्यांनी विचारलं, "आत फिरतं काय?"

माझ्याकडे एक निकामी, उघडलेली डिस्क होती. मी त्यांचं बोट तिच्या चकतीवर ठेवलं. ते कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले.

"लई गुळगुळीत. ह्यात अक्षरं कुटं हायत?"

"चुंबकाच्या खुणा असतात सर. फक्त दोन तऱ्हेच्या. त्यांच्यातच सगळं लिहिलेलं."

"दोनच?" त्यांचा आवाज खाली आला. "आमच्यातबी दोनच. टिंब उठलेलं, न्हायतर न उठलेलं."

आयुष्यभर टिंबांवरून वाचलेलं ते बोट चकतीवर तसंच थांबलं होतं.

पुस्तकं एसएसडीवर, म्हणजे नव्या तऱ्हेच्या डिस्कवर घेतली. त्यांनी ती चालू असताना कानाला लावली. "ही तर गप हाय."

"हिच्यात काही फिरतच नाही."

"मग ह्यात कसं लिहितात?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मलाच नीट माहीत नाही. तसं सांगितलं. "वाचून सांगा," म्हणाले.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. पुस्तकं सगळी उघडली, कॉम्प्युटर वाचून दाखवत होता. मग त्यांनी आपला प्रश्न काढला. तोवर मी वाचून ठेवलं होतं.

"विजेचे बारीक कण कोंडून ठेवतात सर. भरलेला कप्पा आणि रिकामा कप्पा."

"आणि लाईट गेल्यावरबी ते तितंच ऱ्हातात?"

"राहतात."

"व्हय," ते म्हणाले. "म्हंजे हितंबी दोनच."