नानांची छत्री आणि अडीच कोस ऊन

आमचे नाना ऊन लागून वारले, आणि त्यांच्या दहाव्याला आणखी दोघं ऊन लागूनच जायच्या बेतात होती. त्यांतला एक मी.

नाना म्हणजे माझे चुलते. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. नाना-नानींना मूलबाळ नव्हतं, त्यांनीच मला वाढवलं, नगरला शिकवलं, आणि मी तिथल्या एका छापखान्यात कारकून झाल्यावर नानांनी गावभर सांगितलं, "पोरगं हातचं गेलं!" माणूस भयंकर हट्टी. जन्मात कधी एसटीत बसले नाहीत. त्र्याहत्तरचा उन्हाळा, आधीचा सबंध पावसाळा कोरडा गेलेला, पारनेरच्या अलीकडच्या आमच्या गावात विहिरींचे नुसते तळ दिसत होते. अशा भर दुपारी नाना सुप्याच्या बाजाराला पायी निघाले. वाटेत एसटी आपण होऊन थांबली. कंडक्टरनं हाक मारली, "बाबा, या की वर!" नानांनी त्यालाच हातानं "जा, जा" केलं. घरी आले ते अंगात ताप घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी आटोपलं. नानी रडता रडता एकच म्हणत होती, "त्या यश्टीत काय वाघ बसला हुता का वो?"

दहाव्याला आम्ही ओढ्यावर जमलो. ओढ्यात पाणी नव्हतंच, वाळू होती. न्हाव्यानं ओंजळभर पाण्यात माझं डोकं साफ केलं. (तेवढ्यातच त्याला वस्तराही धुवायचा होता.) गुरुजींना दान द्यायला मी नगरहून नवी काळी छत्री आणि नव्या वहाणा आणल्या होत्या. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर ऊन लागू नये, पाय पोळू नयेत, म्हणून हे दान करतात. नानांच्या बाबतीत जरा उशीरच झाला होता म्हणा! त्यातून त्यांना छत्रीचा तिटकारा. "छत्री म्हंजी कारकुनाचं काम," असं ते माझ्या तोंडावर म्हणायचे. पण शास्त्र ते शास्त्र.

गुरुजींनी पिंड मांडले. आम्ही हात जोडून लांब सरकलो आणि कावळ्याची वाट बघत बसलो. कावळा शिवला की जीव सुटला. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिली. तोवर घरातलं कुणी अन्नाला हात लावत नाही. नानीनं तर आदल्या रात्रीपासून पाणीही सोडलं होतं. "कावळा शिवल्याबिगर थेंब घेनार न्हाई," असं एकदा बोलली, आणि बाई नानांचीच बायको होती, तिनंही इतक्या वर्षांत थोडा हट्ट उचललाच होता.

कावळा काही येईना. झाडाला पान नाही, ओढ्याला पाणी नाही, कावळ्यानं यावं तरी कशाला? आकाशात एक घार होती, तीही घाईत दिसली. ऊन चढलं. वाळू तापली. गुरुजींना पुढच्या गावाला दुसरा दहावा होता. (त्या वर्षी त्यांना फुरसत म्हणून नव्हती.) ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करू. शास्त्रात सोय आहे."

नानी ताडकन उठली. "जलमभर खऱ्याला खरं म्हनलेला मानूस, अन त्याला गवताचा कावळा दाखवू व्हय?"

गुरुजी म्हणाले, "मग शिवला की छत्री-वहाणा घरी पोचवा," आणि गेले.

आता बोलले भिकातात्या. हे आमच्या भावकीतले म्हातारे. मेलेल्या माणसांच्या मनातलं ओळखण्यात त्यांचा हातखंडा, जिवंतांशी मात्र कुणाशी पटलं नाही. ते म्हणाले, "कावळे हायत की! सुप्याच्या अंगाला पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललंय, तितं. रोज मजुरांस्नी खायाला सुकडी वाटत्यात. समदे कावळे तितंच मुक्कामाला गेल्यात."

"अडीच कोस हाय त्ये!" भागूआत्या म्हणाली. ही नानांची बहीण. हिचं तोंड आणि आमच्या गावचा वारा कधी थांबलेला मी पाहिला नाही.

"मग? कावळा हितं येत न्हाई, आपुन तितं जायचं," नानी म्हणाली आणि चालायलाही लागली.

असे आम्ही चौघं कावळ्याच्या भेटीला निघालो. पुढे मी, गुळगुळीत डोक्याचा, अनवाणी, हातात पिंडांची दुरडी. विधी करणाऱ्यानं पायात काही घालायचं नसतं. नव्या कोऱ्या वहाणा काखेतल्या पिशवीत, आणि पाय मुरमावर! थोड्या वेळानं माझं टाळकं इतकं तापलं की मला स्वतःचे विचार शिजल्याचा वास यायला लागला. मी पिशवीतून छत्री काढली.

"आरं, दानाची हाय ती!" भिकातात्या ओरडले.

"असू द्या," नानी म्हणाली. "पोराचं डोस्कं भाजतंय. अन पिंड बी वाळतील."

मी छत्री उघडली. माझं टक्कल आणि नानांचे पिंड, दोन्ही एका सावलीत आले. नानीला म्हटलं, "तूही ये खाली." तर म्हणते, "मला काय झालंय?" तिला काय झालं होतं ते मला दिसत होतं. ओठांना चिरा पडल्या होत्या, आणि पदर डोळ्यांवर ओढायला गेली तर तो तिच्या हाती लागेना. मला खरी भीती वाटायला लागली ती तिथून.

वाटेत जो भेटेल तो विचारी, "कुनीकडं निघाला?" भिकातात्या गंभीरपणे सांगत, "कावळ्याकडं." लोक बाजूला होत. एका वस्तीवर बायका हंडे लावून टँकरची वाट बघत होत्या. दुरडी पाहून त्यांना वाटलं काही वाटायला आणलंय, त्या उठून उभ्या राहिल्या. पिंड दिसल्यावर निमूट खाली बसल्या. मला फार वाईट वाटलं, पण थांबायला सवड नव्हती, कारण मागून एक शेळी आली होती! बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. तिनं सरळ पिंडात तोंड घालायचं ठरवलं. मी छत्रीनं तिला रेटतोय, ती पत्रावळ धरून ओढतेय, भागूआत्या दोघांनाही शिव्या देतेय. शेळीनं अर्धी पत्रावळ घेतलीच.

भिकातात्यांनी हळूच विचारलं, "शेळी शिवली तर चालतंय का?"

नानीनं नुसतं पाहिलं. तात्या पुढचा मैलभर आमच्या मागून चालले. मग डांबरी सडक लागली. डांबर वितळलेलं. ती ओलांडून मी पलीकडे गेलो तेव्हा तळव्यांना सडकेचा काही भाग चिकटून आला होता.

तलावाच्या कामावर पोचलो. शेकडो माणसं उन्हात माती उपसत होती, आणि कावळे! बांधावर कावळे, मातीच्या पाट्यांवर कावळे, सुकडीच्या पातेल्याभोवती तर कावळ्यांची ग्रामसभा भरलेली. नानीच्या तोंडावर दहा दिवसांत पहिल्यांदा उजेड दिसला. मी एका खडकावर दुरडी ठेवली आणि पिंडांचे खडे होऊ नयेत म्हणून शेजारी छत्री धरून उभा राहिलो. कामावरच्या बायका खोरी-पाट्या टाकून बघायला आल्या.

कावळे आले. घिरट्या घातल्या. खडकापासून चार हातांवर बसले. माना वाकड्या करून पाहिलं. आणि उडून गेले! पुन्हा आले, पुन्हा उडाले.

"विच्छा हाय," भिकातात्या म्हणाले. "मोठी विच्छा हाय. बाळू, बोल कायतरी."

मी हात जोडून म्हणालो, "नाना, नानीला मी सांभाळीन. काही कमी पडू देणार नाही." हे मी मनापासून बोललो. कावळा हलला नाही.

"त्ये ठावं हाय त्यांस्नी," नानी कसंबसं म्हणाली आणि मटकन खडकाशेजारी उन्हात बसली. मुकादम पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. "आजी, घोटभर घ्या." तिनं तोंड फिरवलं.

"गुरांच्या छावणीत ठेवलेला तुमचा म्हातारा बैल मी विकणार नाही!" मी ओरडलो. कावळा ढिम्म.

"शेतीत लक्ष घालीन! दर आठवड्याला येईन! एसटीनं येणार नाही, पायी येईन!" (नगरहून! पण त्या वेळी मी काहीही कबूल केलं असतं.)

भिकातात्या जवळ सरकले. "बांधावरल्या बोरीचं काय? ती बोर भिक्याला द्यायची असं त्यांच्या लई मनात हुतं. म्हन, देतो."

"तात्या, त्या बोरीवरून नाना तुमच्याशी कितीतरी वर्षं बोलत नव्हते!"

"म्हनून तर जीव अडकलाय!"

"दिली! बोर दिली!"

लगेच भागूआत्यानं माझा दंड धरला. "माझ्या नंदेची सुमन. दादा मला म्हनला हुता, बाळूला तीच करायची."

"कधी म्हणाले?"

"मनात म्हनला! बहिनीला कळत न्हाई व्हय?"

मी नानीकडे पाहिलं. ती एका बाजूला कलत चालली होती. डोळे अर्धे मिटलेले. सुमन तर सुमन! "करतो! लग्न करतो! नाना, आता तरी या हो!"

कावळ्यानं एकदा छत्रीकडे पाहिलं, आणि तो मागे सरकला.

आणि नानी आडवी झाली. मी "नाने!" म्हणून किंचाळलो, हातातलं सगळं टाकलं आणि तिच्याकडे झेप घेतली. छत्री बांधावरून गडगडत खाली गेली. मी नानीचं डोकं मांडीवर घेतलं. बाई अंगानं तव्यासारखी तापलेली. ती गेली तर मला या जगात हाक मारायला कुणी उरत नव्हतं, आणि हेच नेमकं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. "नाने, पाणी पी, मी पाया पडतो. नाना मेले, तू मरू नको!"

तेवढ्यात मागे बायकांचा कालवा झाला. "शिवला! आजी, शिवला, शिवला!"

वळून पाहिलं तर एक कावळा नव्हता, पंगतच बसली होती! शेळीनं शिल्लक ठेवलेला भात त्यांनी बघता बघता साफ केला. ज्या क्षणासाठी अडीच कोस भाजत आलो, तो आमच्यापैकी कुणीही पाहिला नाही.

नानीनं एक डोळा उघडला. "खरंच?"

"खरंच गं!"

"मग दे पानी."

पहिला घोट तिनं तोंडात कितीतरी वेळ तसाच धरला. मग गिळला. मला रडू फुटलं. (भादरलेला माणूस रडताना फार वाईट दिसतो, हे भागूआत्यानं तिथल्या तिथं सांगितलं.) मुकादमानं पाटीभर सुकडी आणली. ती खाता खाता भांडण सुरू झालं.

"बोरीचं बोलल्यावर आला," तात्या म्हणाले.

"सुमनचं बोलल्यावर! मागनं त्येच बोलला ना बाळू!"

"दोगं बी गप ऱ्हावा," नानी म्हणाली. "छत्री पडली तवा आला. आदी त्यो छत्रीकडं बगूनच मागं सरत हुता, मी बगत हुते."

काळं काही डोक्यावर पसरलं की कावळा बिचकतो, हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ज्वारीच्या राखणीला आम्हीच काळी फडकी टांगत आलो होतो! पण सगळे नानांच्या इच्छा शोधण्यात इतके गुंतलेले, की माझ्या हाताकडे बघतो कोण?

नानीचा मात्र हिशेब वेगळा होता. "जित्तेपनी ज्यानं छत्री धरली न्हाई, त्याच्या भातावर तू छत्री धरून हुबा! कसा यील त्यो? लई हट्टी मानूस." आणि ती हसली. हसता हसता तिला ठसका लागला, आणि मग ती नीट, मोकळी अशी रडली.

परतताना तिनं पिशवीतल्या वहाणा काढून माझ्यापुढे टाकल्या. "घाल."

"अगं, नानांसाठी दानाच्या आहेत."

"त्यांस्नी सवय हाय अनवानी चालायची. तुला न्हाई."

वहाणा घातल्या. छत्री मात्र कुणीही उघडू दिली नाही. तिची एक काडी मोडली होती. ती मिटलेली छत्री काखेत घेऊन, उघड्या टकलानं, मी अडीच कोस परत चाललो. आठवडाभर डोक्याची सालं निघत होती.

पिंडापुढे बोललेलं मोडता येत नाही. बोर भिकातात्यांकडे गेली. शेतीचं आणि दर आठवड्याला पायी यायचं तेवढं नानीनंच माफ केलं. बैल छावणीतून घरी आला आणि म्हातारा होऊन मेला. नानी माझ्याकडे नगरला चार दिवस राहून गेली, म्हणाली, "हितं कावळे लई हायत, पर मानसं न्हाईत." आणि सुमन माझ्या घरी आली, ती आजतागायत आहे. मी उन्हात निघालो की दारातूनच विचारते, "छत्री नेताय ना? तेव्हा ती तशीच धरून ठेवली असती, तर मी तरी सुटले असते!"

म्हणून मुलांना मी आत्ताच बजावून ठेवलंय. माझ्या दहाव्याला कावळा नाही आला, तर माझी काय इच्छा राहिली म्हणून नातेवाइकांना मुळीच विचारू नका. आधी छत्री मिटा. तरीही नाहीच आला, तर तुमच्या आईला जरा बाजूला उभं करा.